पत्ता देवनागरीत हवा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

देवनागरी लिपीतील डोमेन नावांविषयी, म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यांविषयी, वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावांचा उल्लेख ठेवला आहे.

प्रश्न (सांगली) : आमची एक लहान प्रकाशन संस्था आहे. संस्थेचे संकेतस्थळ इंग्रजी अक्षरांतील नावाने चालते. तेच नाव देवनागरीत घ्यावे असा विचार आहे. देवनागरी नाव हे इंग्रजी नावाचे केवळ दुसरे रूप असते की तो स्वतंत्र पत्ता असतो? आणि ते परदेशातील संगणकावरही उघडते का?

उत्तर : ते सर्वस्वी स्वतंत्र नाव असते. इंग्रजी नाव तुमच्याकडे आहे म्हणून देवनागरी नावावर तुमचा आपोआप हक्क निर्माण होत नाही. ते वेगळे नोंदवावे लागते, त्याचे शुल्क वेगळे भरावे लागते आणि मुदत संपण्यापूर्वी त्याचे नूतनीकरणही वेगळे करावे लागते. नोंदणीनंतर मात्र दोन्ही नावे एकाच संकेतस्थळाकडे वळवता येतात, आणि तुमच्यासारख्या संस्थेने तसेच करावे.

ते सगळीकडे उघडते का, याचे उत्तर समजण्यासाठी आतली व्यवस्था थोडी पाहावी लागेल. डोमेन नावांची पद्धत १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली. त्या काळच्या नियमांनुसार संगणकांच्या नावांत इंग्रजी वर्णमालेतील २६ अक्षरे, दहा अंक आणि जोडरेघ एवढीच चिन्हे चालत, आणि जगभरचे नामसर्व्हर, म्हणजे नावावरून संकेतस्थळाचा ठिकाणा सांगणारे संगणक, याच गृहीतावर उभे राहिले. पुढे इतर लिप्यांची मागणी आली तेव्हा ही चालती यंत्रणा मुळातून बदलणे धोक्याचे होते. म्हणून २००३ मध्ये ‘प्युनिकोड’ नावाची पद्धत प्रमाणित करण्यात आली. तिच्यात कोणत्याही लिपीतील नावाचे ठरलेल्या गणिती रीतीने इंग्रजी अक्षरांच्या आणि अंकांच्या मालिकेत रूपांतर होते, आणि त्या मालिकेवरून मूळ नाव जसेच्या तसे परत मिळते. अशा प्रत्येक मालिकेच्या आरंभी एक्स, एन आणि दोन जोडरेघा ही खूण असते. उदाहरणार्थ, ‘भारत’ या शब्दाचे यंत्रातील रूप एक्स, एन, दोन जोडरेघा, मग एच, २, बी, आर, जे, ९, सी असे आहे. तुम्ही पत्त्याच्या पट्टीत ‘भारत’ लिहिता, ब्राउझर त्याचे हे रूप करून नामसर्व्हरला विचारतो आणि सर्व्हर त्याला इतर कोणत्याही नावाप्रमाणे उत्तर देतो. त्यामुळे तुमचे देवनागरी नाव टोकियोतही उघडेल आणि टोरांटोतही.

२००९ पर्यंत नावाचा शेवटचा भाग, म्हणजे डॉटनंतरचा तुकडा, इंग्रजीतच असावा लागे. डोमेन नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने त्या वर्षी देशांना स्वतःच्या लिपीतील शेपूट मागण्याची सोय खुली केली आणि २०१० च्या मे महिन्यात इजिप्त, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती व रशिया यांची नावे मूळ नोंदवहीत दाखल झाली. बल्गेरियाला मात्र थांबावे लागले. त्याच्या सिरिलिक लिपीतील दोन अक्षरे ब्राझीलच्या इंग्रजी शेपटासारखी दिसतात, या कारणावरून त्याची मागणी आधी नाकारली गेली आणि काही वर्षांच्या पाठपुराव्यानंतर ती मान्य झाली. भारतात ‘.भारत’ या देवनागरी शेपटाखालील नोंदणीचा आरंभ २७ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्यात मराठी, कोकणी, हिंदी, नेपाळी, मैथिली, डोगरी, बोडो आणि सिंधी या आठ भाषा धरल्या होत्या. आज भारताकडे विविध लिप्यांतील अशी १५ शेपटे आहेत आणि त्यांची रजिस्ट्री, म्हणजे नावांची नोंदवही, ‘निक्सी’ ही संस्था चालवते. याशिवाय व्हेरिसाइन या कंपनीची ‘.कॉम’ आणि ‘.नेट’ ही देवनागरी शेपटे आहेत, तसेच इंग्रजीतील ‘ऑर्ग’ चालवणाऱ्या संस्थेचे ‘.संगठन’ आहे.

माझा सल्ला असा की, मराठी वाचकांसाठी पुस्तके काढणाऱ्या संस्थेने ‘.भारत’ खाली आपले नाव अवश्य घ्यावे आणि ते पुस्तकाच्या मलपृष्ठावर, पावतीवर, पाटीवर ठसठशीत छापावे. इंग्रजी नाव मात्र सोडू नये, कारण देवनागरी कळफलक नसलेल्या संगणकावर बसलेला वाचकही तुमचाच आहे.

प्रश्न (चिपळूण) : आमच्या गिरिभ्रमण मंडळाच्या नावात ‘दऱ्याखोऱ्या’ हा शब्द आहे. नोंदणीच्या शोधखिडकीत तो टाकला की कधी ‘दर्याखोर्या’ असे दिसते, कधी अक्षर अवैध असल्याची सूचना येते, आणि एका सदस्याच्या फोनवरून टाकले तर नाव उपलब्ध असल्याचे दिसते. आमचे काय चुकते?

उत्तर : तुमचे काही चुकत नाही. मराठीच्या दृष्टीने या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारला आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

आपण डोळ्यांनी अक्षर वाचतो. संगणक चिन्हांचा क्रम वाचतो. ‘महाराष्ट्र’ हा शब्द आपल्याला म, हा, रा, ष्ट्र असा चार अक्षरांचा दिसतो, पण युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, तो दहा चिन्हांचा आहे: म, ह, काना, र, काना, ष, पायमोड, ट, पायमोड, र. डोमेन नावाची तुलना या चिन्हांच्या पातळीवर होते. दोन शब्द पडद्यावर तंतोतंत सारखे दिसत असले, तरी आतल्या चिन्हांचा क्रम वेगळा असेल तर ती दोन वेगळी नावे ठरतात.

‘दऱ्या’मधला पापणीसारखा आडवा र ही मराठीची, आणि सोबत कोकणी व नेपाळीची, खास गरज आहे. हिंदीला तो लागत नाही. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. पहिल्या प्रकारात खाली टिंब असलेला ‘ऱ’, त्यानंतर पायमोड आणि मग य अशी चिन्हे येतात. दुसऱ्या प्रकारात साधा र, पायमोड, त्यानंतर शून्य रुंदीचे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि मग य येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मराठीत टंकलेखन करणाऱ्या कित्येकांना आपला कळफलक यांतला कोणता प्रकार वापरतो याची कल्पनाही नसते, आणि एरवी ती असण्याची गरजही पडत नाही.

डोमेन नावांत मात्र गरज पडते. २००३ च्या नियमांनी हे न दिसणारे जोडचिन्ह सरसकट गाळून टाकायचे ठरवले होते. ते गाळले की ‘र, पायमोड, य’ एवढेच उरते, आणि त्याचा रफार होतो. दऱ्यांचा दर्या होतो, म्हणजे डोंगरातला माणूस थेट समुद्रात! ‘आचाऱ्यांना’ बोलवावे तर ‘आचार्यांना’ निमंत्रण जाते. ज्या भाषेत या दोन रूपांचे अर्थ वेगळे आहेत, तिच्यावर हा नियम अन्याय करणारा होता, आणि भारतीय लिप्यांच्या जाणकारांनी तो नेमाने मांडला. ऑगस्ट २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुधारित नियमांत हे जोडचिन्ह पायमोडानंतर आल्यास ग्राह्य धरले गेले. पण नियम बदलला म्हणून सगळी सॉफ्टवेअर त्याच दिवशी बदलली नाहीत. जुन्या वागणुकीशी सुसंगती राखण्यासाठी क्रोम ब्राउझर २०२३ च्या आरंभापर्यंत हे चिन्ह गाळतच होता, आणि फायरफॉक्स ते त्याआधीपासूनच राखत होता. म्हणजे एकच पत्ता दोन ब्राउझरांत दोन ठिकाणी जाण्याची शक्यता होती. तुम्हाला तीन वेगवेगळे अनुभव आले त्यामागे हेच कारण दिसते: एका ठिकाणी जोडचिन्ह गाळले गेले, दुसऱ्या ठिकाणी ते अवैध ठरले आणि सदस्याच्या फोनवरील कळफलकाने पहिल्या प्रकारचा ‘ऱ’ दिला.

नावांच्या अखेरच्या तुकड्यांसाठी, म्हणजे मूळ क्षेत्रासाठी, देवनागरीचे नियम ठरवण्याचे काम ‘निओ-ब्राह्मी’ नावाच्या तज्ज्ञगटाने केले. ब्राह्मीपासून निघालेल्या नऊ लिप्यांचे काम या गटाकडे होते, आणि पुण्याच्या सी-डॅक संस्थेतील भाषातंत्रज्ञांचा त्यात मोठा वाटा होता. या गटाने न दिसणारी जोडचिन्हे पूर्णपणे बाजूला ठेवली आणि आडव्या रसाठी ‘ऱ’ व पायमोड ही जोडी स्वीकारली. मला हा निर्णय योग्य वाटतो. जे चिन्ह डोळ्यांना दिसत नाही, त्यावर नावाची ओळख अवलंबून ठेवणे वापरणाऱ्याच्या हिताचे नाही.

तेव्हा तुम्ही पहिल्या प्रकारानेच नाव लिहावे. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘र’च्याच कळीवर शिफ्टसह ‘ऱ’ मिळतो. त्यानंतर पायमोड आणि मग ‘य’ द्यावा. आपण कोणता प्रकार लिहिला आहे हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. संगणकावर ‘दऱ्या’ लिहा आणि शेवटाकडून एकेक चिन्ह खोडत मागे या. काना, य आणि पायमोड गेल्यावर खाली टिंब असलेला ‘ऱ’ उरला तर नाव बरोबर लिहिले गेले आहे. साधा ‘र’ उरला तर तुमचा कळफलक जोडचिन्ह घालतो आहे. प्रत्येक रजिस्ट्री आपल्या शेपटाखाली चालणाऱ्या अक्षरांची यादी स्वतः ठरवते आणि प्रसिद्ध करते, ती यादीही पैसे भरण्यापूर्वी पाहावी.

आणखी एक सूचना. शक्य असेल तर ‘दर्याखोर्या’ हे रफाराचे नावही घेऊन ठेवा आणि ते मुख्य नावाकडे वळवा. ज्यांचे कळफलक जोडचिन्ह घालतात आणि ज्यांची सॉफ्टवेअर ते गाळतात, असे लोक नेमके तिथे पोहोचतील.

प्रश्न (नाशिक) : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या नावात ‘ॲग्रो’ आहे. दोन भागीदारांनी हे नाव टाकून पाहिले तर एकाला ते मिळत होते आणि दुसऱ्याला नाकारले जात होते. हासुद्धा कळफलकाचाच प्रश्न आहे का?

उत्तर : होय, आणि आधीच्या उत्तराशी त्याचे जवळचे नाते आहे. ‘ॲ’ हे मराठीतील एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्राची मात्रा देत, आणि ती नीट बसावी म्हणून पुष्कळदा मध्ये तेच न दिसणारे जोडचिन्ह घालत. आजही महाजालावरील मराठी मजकुरात ही जुनी रूपे विपुल आढळतात. शिवाय हिंदी वळणाचे ‘ऍ’ हे तिसरेच चिन्ह आहे. म्हणजे ‘ॲग्रो’ चार प्रकारे लिहिता येते आणि संगणक या चारींना एक मानत नाही. यांतले जोडचिन्हाचे रूप २०१० च्या नियमांतही बसत नाही, कारण ते पायमोडानंतर आलेले नसते. आणि ‘अ’वर मात्रा देण्याचे रूप देवनागरी अक्षररचनेच्या नियमांविरुद्ध जाते, कारण मात्रा व्यंजनाला लागते, स्वराला लागत नाही. तुमच्या दुसऱ्या भागीदाराचे नाव बहुधा या दोहोंपैकी एका कारणाने नाकारले गेले. २००८ चे एकसंध ‘ॲ’ वापरा. तेच शुद्ध आहे आणि तेच टिकेल.

हाच धागा धरून ऱ्हस्व-दीर्घाबद्दलही सांगतो, कारण व्यवहारात सर्वाधिक घोटाळा तिथे होतो. ‘कीर्ती’ आणि ‘किर्ती’, ‘आशीर्वाद’ आणि ‘आशिर्वाद’ ही यंत्राच्या दृष्टीने निरनिराळी नावे आहेत. ‘संत’ आणि ‘सन्त’ हीसुद्धा तशीच. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनी अनुस्वाराला पसंती दिली असली तरी जुन्या संस्थांच्या पाट्यांवर परसवर्णाची रूपे अजून दिसतात. शुद्ध रूप मुख्य ठेवा. आणि तुमचे ग्राहक एखादे चुकीचे रूप सर्रास लिहीत असतील, तर तेही घेऊन मुख्य नावाकडे वळवा.

प्रश्न (मडगाव) : आमचे नियतकालिक कोकणी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत निघते. दोन्ही भाषांसाठी देवनागरी नाव दोनदा नोंदवावे लागेल का? तसेच काही संगणकांवर आमच्या नावातील ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. ते दुरुस्त कसे करायचे?

उत्तर : दोनदा नोंदवावे लागणार नाही. डोमेन नावाला लिपी असते, भाषा नसते. तीच चिन्हे त्याच क्रमाने असतील तर कोकणी, मराठी आणि हिंदी मिळून ते एकच नाव आहे आणि ते जो प्रथम नोंदवेल त्याला मिळते. देवनागरीखाली अनेक भाषा नांदत असल्यामुळे चांगली छोटी नावे लवकर संपतात, हे मात्र लक्षात असू द्यावे.

‘ल’ आणि ‘श’ यांच्या वळणाविषयी काळजी नसावी. त्या वळणांमागचे युनिकोड चिन्ह एकच आहे. कोणते वळण दिसावे हे त्या संगणकावरील फाँट ठरवतो. पाकळीचा ‘ल’ असो वा दंडाचा, पत्ता एकच राहतो. तुमच्या संकेतस्थळावरील मजकुरात मराठी वळण हवे असेल तर पानाची भाषा मराठी किंवा कोकणी म्हणून नोंदवा आणि ते वळण असलेला फाँट द्या. पत्त्याच्या पट्टीतील वळण तुमच्या हातात नाही.

प्रश्न (ठाणे) : मी बँकेतून निवृत्त झालो आहे. मला फोनवर आलेल्या एका संदेशातील दुवा ‘एक्स, एन, दोन रेघा’ यांनी सुरू होत होता आणि पुढे निरर्थक अक्षरे होती. मी तो उघडला नाही. असे दुवे फसवणुकीचेच असतात का?

उत्तर : अनोळखी दुवा न उघडण्याचा तुमचा निर्णय योग्यच होता. पण ही खूण स्वतःहून फसवणुकीची निशाणी नाही. वर सांगितल्याप्रमाणे ते इतर लिपीतील नावाचे यंत्रातील रूप आहे. पुष्कळदा देवनागरी पत्ता पत्त्याच्या पट्टीतून उचलून संदेशात डकवला की तो त्या रूपातच उतरतो. एखाद्या मराठी शाळेने पाठवलेला प्रामाणिक दुवाही असाच दिसू शकतो.

धोका दुसऱ्या बाजूने येतो. सिरिलिक लिपीतील काही अक्षरे इंग्रजी अक्षरांसारखीच दिसतात, आणि त्यांचा वापर करून प्रसिद्ध कंपन्यांची नावे हुबेहूब वठवता येतात. २०१७ मध्ये एका सुरक्षा-संशोधकाने केवळ सिरिलिक अक्षरांत ‘ॲपल’ कंपनीच्या पत्त्यासारखे दिसणारे नाव नोंदवून हे दाखवून दिले. एका नावात दोन लिप्यांची भेसळ ओळखण्याचा उपाय ब्राउझरांकडे होता, पण हे संपूर्ण नाव एकाच लिपीत असल्यामुळे तो तिथे लागू पडला नाही. त्यानंतर ब्राउझरांनी नियम कडक केले आणि आता संशय आला की ते नाव मूळ लिपीत न दाखवता एक्स-एनच्या रूपात दाखवतात. म्हणजे तुम्हाला भीतीदायक वाटलेले ते रूप काही वेळा तुमच्या रक्षणासाठीच समोर आलेले असते.

देवनागरीच्या आतही सारखेपणा आहेच. ‘ख’ आणि ‘रव’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ हे लहान अक्षरांत, विशेषतः फोनच्या पडद्यावर, सहज गफलत करतात. म्हणून पत्ता वाचताना शेवटाकडून वाचण्याची सवय ठेवावी: आधी शेपूट, मग त्याच्या लगेच आधीचा शब्द. ‘सरकार.भारत’ हे क्षेत्र शासकीय संकेतस्थळांसाठी आहे. पण ‘सरकार’ हा शब्द नावात इतरत्र कुठेतरी आला म्हणून ते नाव शासनाचे ठरत नाही. कुलपाच्या चित्रावरही भिस्त ठेवू नये. त्यातून तुमची जोडणी सांकेतिक केलेली आहे एवढेच कळते, समोरचा माणूस कोण आहे हे कळत नाही. आणि बँकेचे संकेतस्थळ संदेशातल्या दुव्यावरून कधीही उघडू नये. पासबुकावर छापलेला पत्ता स्वतः टंकावा. तुम्ही बँकेत होता, तुमच्या परिचयातील वयस्कर मंडळी तुमचे म्हणणे ऐकतील, म्हणून ही एक गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचवावी ही विनंती.

प्रश्न (न्यू जर्सी) : आम्ही इथे आठवड्याच्या सुटीत मुलांसाठी मराठी शाळा चालवतो. शाळेसाठी देवनागरी डोमेन नाव घेतले, संकेतस्थळही उत्तम चालते. मात्र शाळेचा देवनागरी ईमेल पत्ता कोणत्याही अर्जात भरला की ‘अवैध पत्ता’ असे उत्तर येते आणि काही पालकांना पाठवलेली पत्रे परत येतात. यावर काही उपाय आहे का?

उत्तर : संकेतस्थळाच्या बाबतीत सगळे रूपांतर ब्राउझर करून टाकतो, म्हणून ते चालते. ईमेल पत्त्यात मात्र दोन भाग असतात. ‘ॲट’ या खुणेनंतरचा भाग डोमेन नावाचा असतो आणि त्याचे प्युनिकोडमध्ये रूपांतर होऊ शकते. खुणेआधीचा भाग हा टपालपेटीच्या मालकाचा असतो आणि त्याला ती सोय नाही. तो देवनागरीत असेल तर पत्र पाठवणारा, पोहोचवणारा आणि घेणारा असे सर्व सर्व्हर युनिकोड पत्ते समजणारे असावे लागतात. त्यासाठीची मानके २०१२ मध्ये तयार झाली आणि जीमेलने ऑगस्ट २०१४ पासून असे पत्ते ओळखायला सुरुवात केली. पण वाटेतला एक जरी सर्व्हर जुना असला तरी पत्र परत येते. ते इंग्रजी रूपात आपोआप बदलून पुढे जात नाही.

यातून लगेच करता येण्यासारखा मार्ग असा की, खुणेआधीचा भाग इंग्रजीत ठेवावा आणि डोमेन नाव देवनागरीत. हा पत्ता गरज पडेल तेव्हा संपूर्णपणे इंग्रजी अक्षरांत, एक्स-एनच्या रूपात लिहिता येतो आणि जुने सर्व्हरही तो स्वीकारतात. पूर्ण देवनागरी पत्ता ठेवायचाच असेल, आणि मुलांना आपल्या लिपीतला पत्ता दाखवण्यासाठी तो ठेवावा असे मलाही वाटते, तर त्याला जोडून इंग्रजी अक्षरांतील दुसरा पत्ता त्याच टपालपेटीवर घ्या. पालकांची पत्रे कुठल्याही पत्त्यावर आली तरी एकाच ठिकाणी पडतील.

अर्जातील ‘अवैध पत्ता’ हा दोष वेगळा आहे. पत्ता तपासणारा तो छोटासा नियम ज्याने लिहिला, त्याने जगातले सर्व पत्ते इंग्रजीत असतात आणि शेपूट दोन ते चार अक्षरांचे असते असे गृहीत धरलेले असते. तांत्रिकदृष्ट्या ही दुरुस्ती एका दुपारचे काम आहे. ती होत नाही, कारण कोणी तक्रार करत नाही. प्रत्येक लिपीतील पत्ता सर्वत्र स्वीकारला जावा यासाठी आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रयत्न चालू आहेत आणि २८ मार्च २०२३ रोजी त्यासाठीचा पहिला जागतिक दिवसही पाळला गेला. तरीही ज्या संकेतस्थळाने तुमचा पत्ता नाकारला, त्याच्या चालकांना चार ओळींचे पत्र लिहिण्याने जे होते ते दुसऱ्या कशाने होत नाही. पत्रात नाकारलेला पत्ता, तारीख आणि पडद्याचे चित्र जोडावे. मुलांना मराठी शिकवणाऱ्या शाळेकडून आलेली अशी तक्रार सहज बाजूला टाकता येत नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : आमच्या दुकानाचे देवनागरी नाव संकेतस्थळ बनवून देणाऱ्या एका व्यावसायिकाने नोंदवून दिले. आता तो फोन उचलत नाही आणि नाव त्याच्याच नावावर असल्याचे कळते. नाव आमचे असूनही ते आम्हाला मिळणार नाही का?

उत्तर : अशी तीन पत्रे आली आहेत, यावरून ही अडचण किती सर्रास आहे ते दिसते. डोमेन नाव विकत मिळत नाही. ते ठरावीक वर्षांसाठी वापरायला मिळते, ‘.भारत’ खाली एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी, आणि नोंदवहीत नोंदणीदार म्हणून ज्याचे नाव आहे त्यालाच त्या काळात हक्क असतो. पैसे कोणी दिले हे नोंदवही पाहत नाही.

प्रथम ‘हूइज’ या सार्वजनिक शोधसेवेत आपले नाव टाकून ते कोणत्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे, आहे आणि त्याची मुदत कधी संपते हे पाहा. शोधात देवनागरी चालले नाही तर एक्स-एनचे रूप टाका. मग त्या रजिस्ट्रारला लेखी कळवा आणि सोबत त्या व्यावसायिकाची पावती, त्याच्याशी झालेला पत्रव्यवहार व दुकानाचा नोंदणी दाखला जोडा. त्या व्यावसायिकाने सहकार्य केले तर नोंदणीदाराचे नाव बदलणे किंवा हस्तांतरणाचा संकेतांक घेऊन नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेणे हे अवघड नाही. त्याने नकार दिला आणि तुमच्या दुकानाचे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदलेले असेल किंवा दीर्घ वापराने तसे प्रस्थापित झालेले असेल, तर निक्सीच्या तंटानिवारण धोरणाखाली लवादाकडे दाद मागता येते. देवनागरी नावांनाही ते धोरण लागू आहे. तिथे नाव तुमच्या चिन्हासारखे आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही आणि त्याचा हेतू अप्रामाणिक आहे हे दाखवावे लागते.

ज्यांनी अजून नाव घेतलेले नाही त्यांनी रजिस्ट्रारकडील खाते स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेल पत्त्याने आणि स्वतःच्या फोन क्रमांकाने उघडावे, आणि तांत्रिक व्यक्तीला फक्त तांत्रिक संपर्क म्हणून नोंदवावे. खात्यासाठी दिलेला ईमेल पत्ता त्याच डोमेन नावावरचा नसावा. मुदत संपून नाव बंद पडले की तो पत्ताही बंद पडतो, आणि नूतनीकरणाची स्मरणपत्रे वाचायला कोणीच उरत नाही.